मिसीबाबाची तीट

कामाचे अनुभव लिहायचे तर माणसाचे केस निदान पिकलेले असावेत, असं मला वाटत होतं. दिवाळी अंकांत असे लेख मी वाचलेले आहेत. पोस्टमन लिहितात, नर्स लिहितात, कोर्टातून निवृत्त झालेले लिहितात. मी धारवाडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर जुन्या हुबळीत एका फ्रेमच्या दुकानात काम करते. बारावीपासून करते आहे. अप्पा अमरगोळच्या बाजार आवारात हमाली करतात, आई दोन घरी स्वयंपाक करते. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. वाक्य चुकलं तर सांगणारं घरी कुणी नाही. पण जे सांगायचं आहे ते माझ्याशिवाय आता फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी दुकान. मालकांचं नाव इरण्णा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि ते मला ‘तंगी’ म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. मराठी येतं, पण राग आला की कन्नडच बोलतात. आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. पट्टी कापायची, चार कोपरे जुळवायचे, काच बसवायची, मागून हार्डबोर्ड ठोकायचा. सगळी मेख कोपऱ्यात असते. तिथं केसाएवढी फट राहिली तर गिऱ्हाईक त्या दिवशी काही म्हणत नाही, पण पुढं आयुष्यभर फोटोऐवजी ती फटच बघत बसतं. माझा पहिला बिनफटीचा कोपरा जमला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “आता दुसरा.”

दुसरी गोष्ट हुकांची. फ्रेमच्या वरच्या पट्टीला दोन टोकांना दोन बारीक पितळी हुक बसवतात, हार अडकवायला. देवाच्या तसबिरीला ते असतातच. माणसाच्या फोटोला मात्र माणूस गेल्यावरच लावायचे. लग्नाच्या फोटोला चुकून लावले तर मार खायची पाळी येईल. आणि एक आहे, ‘आमचे वडील गेले’ असं गिऱ्हाईक सहसा तोंडानं सांगत नाही. पट्टी निवडतं, काच कुठली ते ठरवतं, आणि पायरी उतरताना पाठमोरं म्हणतं, “हुक लावा.” आम्ही मान हलवतो. कोण गेलं, कशानं गेलं, विचारायचं नाही. अण्णांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे. कोपरे नंतर.

एकदा एक निवृत्त कारकून आले. स्वतःचाच फोटो, कोट घातलेला. म्हणाले, “हुक लावा.”

मी विचारलं, “कुणाला?”

“मलाच की. पोरं माझी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावतील. माझा विश्वास नाही त्यांच्यावर.”

अण्णा आतून म्हणाले, “फ्रेम करतो सर. हुक नाही. ते पोरांचं काम.”

“पैसे मी देतोय.”

“पैशाचं नाही हो. श्वास आहे तोवर माझ्या दुकानात हुक लागत नाही.”

ते रागावून गेले, पण फ्रेम घेऊन गेले. अजून कधीमधी दुकानावरून जाताना विचारतात, “काय, अजून नाही ना?” अण्णा म्हणतात, “अजून नाही सर.” आणि दोघं हसतात. अशी माणसं बरीच येतात. पण मला लिहायचं आहे ते शांताक्कांबद्दल.

शांताक्का म्हणजे धारवाडच्या मळमड्डीत राहणाऱ्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लग्न केलेलं नाही. एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्यांचा दुकानात फोन आला की एक मोठं चित्र आहे, हलवता येत नाही, कुणाला तरी बघायला पाठवा. कॉलेज धारवाडलाच, म्हणून अण्णांनी मला पाठवलं.

दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दुकानातनं पोरगी पाठवली की,” म्हणाल्या. मी नाव सांगितलं, सुजाता. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. मग त्या जरा सैल झाल्या. जयभीम झालं. चहा आला.

चित्र आतल्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर होतं. मी असलं चित्र पुस्तकातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं. कॅनव्हासवरचं तैलचित्र, उंचीला माझ्या छातीपर्यंत. दोन गोरी मुलं झाडाखाली उभी. मोठी मुलगी पांढऱ्या झग्यात, कमरेला निळा पट्टा. तिचा हात धाकट्याच्या खांद्यावर. धाकट्यालाही झगाच होता, मला दोघी बहिणीच वाटल्या. शांताक्का म्हणाल्या, “तो मुलगा. तिकडं तेव्हा लहान पोरांनाही झगाच घालायचे.” त्याच्या मुठीत लाल फळांचा घोस. पायाशी तांबडं कुत्रं. मुलगी सरळ आपल्याकडं बघत होती. खोलीत कुठंही उभं राहिलं तरी बघत होती.

आणि तिच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता.

मला वाटलं बुरशी. जवळ गेले तर तो चित्राच्या वर उठून आलेला, मसुरीच्या डाळीएवढा जाड. मी बोट पुढं केलं.

“हात नको लावू,” शांताक्का म्हणाल्या. “तीट आहे ती.”

तीट म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लहान मुलाच्या गालाला लावतात ती काजळाची. माझ्या धाकट्या भावाला आई लावायची. पण रंगवलेल्या मुलीला?

मग त्यांनी सांगितलं. मी एका दमात सांगते, त्यांनी पुढच्या कितीतरी फेऱ्यांत तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं.

हुबळीला रेल्वे आली त्या काळात शांताक्कांची पणजी कोंडाबाई एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात आया होती. साहेबाची दोन्ही मुलं इथंच जन्मली आणि कोंडाबाईच्या मांडीवर वाढली. ती मुलीला ‘मिसीबाबा’ म्हणायची, मुलग्याला नुसतं ‘बाबा’. खरी नावं घरात कुणालाच ठाऊक नाहीत. मुलगी आमच्यासारखं मराठी आणि बाजारातलं कन्नड बोलायची. एकदा कोंडाबाईच्या मागं मागं फिरताना तिच्या कपाळाला तवा लागला आणि डाग राहिला. मुलं जरा मोठी झाली की शिकायला विलायतेला पाठवायची, अशी त्या लोकांची रीत. तशी ही दोघं गेली. कोंडाबाई मुरगावच्या बंदरापर्यंत पोचवायला गेली होती. बोटीवर चढताना दोघांच्या गालांना तिनं तीट लावली.

पुढं तिकडून हे चित्र आलं. आईबापांना मुलं बघता यावीत म्हणून तिकडच्या नातेवाइकांनी चांगला चित्रकार बसवून काढून घेतलं, पेटीत घालून बोटीनं धाडलं. बंगल्यातले सगळे नोकर बघायला जमले. कोंडाबाईनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “कपाळावरचा डाग कुठं गेला?” चित्रकारानं तो काढलाच नव्हता. आणि दोघांच्या गालांना काही नाही. एवढ्या लांब, परक्या लोकांत, गाल नुसते उघडे. तिनं चुलीजवळची काजळाची डबी आणली आणि मडमेसमोर दोघांना तीट लावली.

“मडम काय म्हणाली?” मी विचारलं होतं.

“काही नाही म्हणे. रडत बसली.”

त्यानंतर दर अमावास्येला कोंडाबाई तीट लावत गेली. वर्षा-दोन वर्षांत बातमी आली, मुलगा तापानं गेला. मडमेनं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. पुढं साहेबाची बदली झाली, सामान विकलं गेलं. चित्र कुणाला द्यायचं धाडस तिला होईना. ती कोंडाबाईला म्हणाली, “तुझीच होती. तू घेऊन जा.”

कोंडाबाई ते डोक्यावरून वस्तीत घेऊन आली. लोक म्हणाले, मेलेल्या पोराचं चित्र घरात ठेवू नये. तिनं ठेवलं. आणि तीट लावत राहिली, फक्त मुलीला. मुलग्याला लावून उपयोग नव्हता. मुलीची मात्र काही बातमी आली नव्हती. बातमी नाही म्हणजे बरी आहे, असं ती म्हणायची. ती गेल्यावर तिच्या सुनेनं लावली, मग शांताक्कांच्या आईनं, मग शांताक्कांनी. मिसीबाबाच्या मरणाची बातमी कुणी आणलीच नाही, म्हणून ती इतकी वर्षं जिवंत होती.

मी पुन्हा चित्राजवळ गेले. मुलग्याच्या गालावरही ठिपका होता, पण पेन्सिलीनं टेकवल्यासारखा, पुसट. तिचा डाळीएवढा. कागद नाही, पत्र नाही, काही नाही. ते दोन ठिपके बघितले की सगळं कळत होतं.

“धम्म घेतला तेव्हा वडलांनी घरातले देव गावाबाहेर नेऊन सोडले,” शांताक्का म्हणाल्या. “दृष्ट, उतारा, गंडादोरा, सगळं बंद. मी शाळेत चाळीस-चाळीस पोरांना सांगायची, दृष्ट काही नसते. आणि घरी येऊन हे. वडील घरात नसताना आई लावायची. वडलांना दिसायचं की, काळं आणखी काळं झालेलं. पण कधी बोलले नाहीत.” मग हसून म्हणाल्या, “माझा विश्वास नाही गं. पण बंद कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही.”

आता दुखणं काय ते सांगते. वरच्या मजल्याची पाण्याची टाकी झिरपून ती भिंत ओली झाली होती. कॅनव्हास सैल पडला होता, लाकडाला वाळवी, आणि रंगाचे पापुद्रे सुटून पलंगाखाली पडत होते. शांताक्का ते रोज वेचून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या. डबा उघडून त्यांनी मला दाखवला. त्यात आभाळ होतं, झाडाची पानं होती, कुत्र्याचा एक पाय होता. “मी आहे तोवर हे राहू दे असं म्हणत नाही मी,” त्या म्हणाल्या. “माझ्यामागं राहायला पाहिजे. ती पोर पुन्हा कुणाच्या अडगळीत तोंड फिरवून बसायला नको.”

मी माझ्या परीनं धडपड केली. कॉलेजात इतिहासाच्या सरांना घेऊन गेले. सर चांगले आहेत, स्कूटरवरून लगेच आले. कोपऱ्यातली चित्रकाराची सही बघितली, ती अर्धी गळून गेलेली. मुलांचं नाव विचारलं, साहेबाचं विचारलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “सुजाता, हे खरं असेल. पण चित्रकाराचं नाव नाही, मुलांचं नाव नाही, एक कागद नाही. ह्याला इतिहास म्हणता येत नाही. घरातली आठवण म्हणता येईल.” ते खोटं बोलले नाहीत. मी तीन वर्षं तोच विषय शिकते आहे. त्या दिवशी बसमध्ये बसून मला वाटलं, आमच्या माणसांचं जे काही आहे ते सगळं घरातली आठवणच आहे. मग मी कशाला शिकते आहे?

अण्णा येऊन चित्र बघून गेले. चित्राला हातसुद्धा लावला नाही. “आगंगिल्ला तंगी,” म्हणाले. होणार नाही. “मी चौकट करणारा. हे आजारी माणूस आहे, त्याला डॉक्टर पाहिजे.” त्यांनीच बंगळूरच्या एका बाईंचा पत्ता काढला. जुनी चित्रं दुरुस्त करतात. शांताक्कांचा भाचा दिलीप तिथंच नोकरीला आहे. त्यानं खर्चाचं आपल्यावर घेतलं. मला वाटलं होतं तो कुरकुर करेल, पण म्हणाला, “आत्या, लहानपणी मी ह्या कुत्र्याशी बोलायचो.”

शांताक्कांनी एकच अट घातली. तिटेला हात लावायचा नाही. सगळ्यांनी कबूल केलं. मी फोनवर त्या बाईंना सांगितलं, तर त्यांनाही नवल वाटलं, म्हणाल्या, असं कुठंच बघितलेलं नाही, नक्की जपू.

चित्र न्यायच्या आधीची अमावास्या होती. मी पॅकिंगचं माप घ्यायला गेले होते. शांताक्का काजळाची डबी घेऊन स्टुलावर चढत होत्या आणि स्टूल डुगडुगत होतं. मी स्टूल धरलं.

“माझ्यामागं तू लावशील?” त्या वरूनच म्हणाल्या.

मी स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

“दिलीपची बायको लावायची नाही. तिला सांगणार पण नाही मी. बाईनंच लावायची असं काही नाही, पण आजवर बाईनंच लावली.”

मी “विचारून सांगते” म्हटलं. माझा स्वभावच तसा. घरी सांगितलं तर अप्पा जेवता जेवता थांबले. “कॉलेजात घातलंय ते असलं करायला? सोडलं ना हे आपण?”

आई म्हणाली, “पोरीचा गाल आहे तो. देव थोडाच आहे?”

“गोऱ्या साहेबाची पोर ती.”

“पोरच की,” आई म्हणाली आणि त्यांना भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी शांताक्कांना सांगितलं, लावीन. मला आजवर कुणी कशासाठी निवडलेलं नव्हतं. शिष्यवृत्ती मिळते ती उत्पन्नाच्या दाखल्यावर. हे तसं नव्हतं.

चित्र बंगळूरला गेलं. महिना-दीड महिन्यानं त्या बाईंचा मला फोन आला. मी दुकानात काच कापत होते. त्या हळू आवाजात, समजावून सांगत होत्या. काजळात तेल असतं, एरंडेल किंवा तूप. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी लागत गेलं. त्या ठिपक्याखालचा रंग मऊ होऊन कॅनव्हासपासून सुटला आहे, आणि ते सुटणं आता डोळ्याकडं सरकतंय. ठिपका तसाच ठेवला तर गाल जाईल, मग डोळा. काढला तर खाली काय निघेल ते आता सांगता येत नाही. “मुलग्याच्या ठिपक्याखाली काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचा गाल शाबूत आहे.”

दिलीप म्हणाला, आत्याला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि मला फोनवर विचारवणार नाही. मग मी गेले.

शांताक्का दारातच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सौम्य करून. त्यांनी एकच विचारलं, “डोळा जाईल?”

“जाऊ शकतो म्हणाल्या.”

समोरच्या कुंडीतलं एक वाळकं पान त्यांनी खुडलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तिटेनंच केलं.”

“नाही अक्का, भिंतीची ओल पण होती. टाकी—”

“सुजाता. शाळेत विज्ञान शिकवलंय मी. खोटं बोलू नकोस.”

मी खाली बघितलं.

“ज्याला सोडून दिलं त्याचा गाल चांगला. जिला जपलं तिला आम्ही खाल्लं.” हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तसं. “काढायला सांग.”

ठिपक्याखाली काही निघालं नाही. नुसतं कापड. बाईंनी त्या जागी खळ भरली आणि उजव्या गालाचा रंग बघून डावा गाल नव्यानं रंगवला. मुलग्याचा पुसट ठिपका त्यांनी तसाच ठेवला, तो कुणाला त्रास देत नव्हता. त्यांचं काम उत्तम आहे, मी या धंद्यातली म्हणून सांगते. कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते कळत नाही. डब्यातलं आभाळसुद्धा त्यांनी परत आभाळात बसवलं.

चित्र फ्रेमसाठी आमच्याकडं आलं. एरवी तैलचित्राला आम्ही काच लावत नाही, पण बाईंनी बजावलं होतं की ह्याला काच हवीच, आणि काच व चित्र यांच्यामध्ये पट्टी घालून अंतर ठेवायचं. आता ह्याला कुणाचाही हात लागता कामा नये. चौकट मी केली. चारही कोपरे असे बसले की अण्णांनी नख फिरवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. माझ्या हातचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ते, आणि काच बसवताना मला कळत होतं की मी काय बंद करते आहे. मी अण्णांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, “चित्र वाचलं ना?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “वाचवणं म्हणजे असंच असतं, तंगी.”

टाकी दुरुस्त झाली होती, भिंत रंगवून झाली होती. आम्ही चित्र लावलं. दिलीप आला होता, घरमालकीण आली, शेजारच्या दोघी आल्या. सगळ्या म्हणाल्या, काय सुंदर, आत्ता काढल्यासारखं. शांताक्काही म्हणाल्या, “छान झालंय.” पेढे वाटले.

सगळे गेल्यावर त्या उठून चित्राजवळ गेल्या. सवयीनं बोट वर गेलं आणि काचेला टेकलं. बोटाचा ठसा काचेवर उमटला. पदरानं त्यांनी तो पुसला. मी पलंगावर बसले होते, तिथून बघितलं. मुलगी अजून सरळ बघत होती, पण गुळगुळीत झाली होती. कपाळावरचा डाग तिकडं तो चित्रकार विसरला, गालावरची तीट आम्ही काढली. आता तिच्यावर इथलं काही राहिलं नव्हतं.

“अक्का,” मी म्हटलं, “काचेवर लावता येईल. बरोबर गालावर येईल अशी जागा बघून. मी लावीन.”

त्या माझ्याकडं वळल्या. “समोरनं बघितलं तर गालावर येईल. पलंगावरनं बघितलं तर मानेवर. दारातनं बघितलं तर झाडावर.” मध्ये मीच पट्टी घातली होती, त्यामुळं मला ते आधी सुचायला हवं होतं. “नको,” त्या म्हणाल्या. “कुणाची तरी चांगली पोर आहे ही. हिला कशाला त्रास?”

पुढची अमावास्या आली आणि गेली. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही. परीक्षा होती असं मी स्वतःला सांगितलं. मग एके दिवशी दुपारी दुकानात फोन आला.

“सुजाता, येताना हुक घेऊन ये.”

“कसले हुक?” मला कळलं होतं, तरी विचारलं.

“तुमच्याकडं असतात ते. दोन.”

फोन ठेवून मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, ते त्या कारकुनांना म्हणाले तसं म्हणतील, ब्याड, नको, आपल्या दुकानात नाही. म्हणावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी खण उघडला, हुकांच्या डबीतून दोन निवडले आणि सदऱ्याला घासून माझ्या हातात ठेवले. “आधी दाभणानं भोक पाड,” म्हणाले. “नाहीतर नवी पट्टी चिरेल.”

मळमड्डीला पोचले तेव्हा काजळाची डबी घासून, धुऊन, मोरीच्या कट्ट्यावर पालथी वाळत घातलेली होती. पितळ आहे ती, इतके दिवस मला काळीच वाटत होती.

आम्ही दोघींनी चित्र उतरवून पलंगावर उताणं ठेवलं. शांताक्कांनी चौकट धरली, मी भोकं पाडली, हुक पिळून बसवले. मुलगी खालून आमच्याकडं बघत होती.

“बातमी यायला फार उशीर झाला,” शांताक्का म्हणाल्या.

चित्र परत भिंतीवर गेलं. त्यांनी सकाळीच शेवंतीचा हार आणून पाण्याच्या थेंबांसकट केळीच्या पानात ठेवला होता. एक टोक त्यांनी अडकवलं, एक मी. हार मधोमध सैल सुटला, दोघांच्या डोक्यांवरून.

त्या मागं सरकून पलंगावर बसल्या. मग म्हणाल्या, “ह्या पोराला एकदाही हार घातला नव्हता गं आम्ही.”

“का?”

“एकच फ्रेम की. त्याला घातला तर तिलाही पडणार. म्हणून आजीनं नाही घातला, आईनं नाही, मी नाही. तो आपला तसाच उभा. तिच्यासाठी थांबला बिचारा.”

मी दाभण पिशवीत ठेवलं, खाली पडलेला लाकडाचा भुसा हातानं गोळा केला. त्यांनी चहाला थांब म्हटलं नाही आणि मीही थांबले नाही.

दुकानात परत आले तेव्हा अण्णा कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोची पट्टी कापत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “बसले?”

“बसले,” मी म्हटलं.